लाकडी बूट आणि लांब बूट : डॅन लेनो की लिटल टिच?

व्हिक्टोरियन लंडनच्या म्युझिक हॉलबद्दल वाचायला लागलं की दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. डॅन लेनो आणि लिटल टिच. दोघंही चणीने लहान, दोघंही विनोदी गाणी म्हणणारे, दोघंही बाईच्या वेशात लोकांना हसवणारे, आणि दोघंही बूट घालून केलेल्या नाचासाठी नावाजलेले. ड्रुरी लेन थिएटरच्या १८९१ च्या नाताळच्या खेळात तर दोघं एकाच रंगमंचावर होते. मग एकाचे बूट दुसऱ्याच्या पायात गेले तर नवल नाही. पण दोघांची कला इतकी वेगळी आहे की हा घोळ झाला की दोघांवरही अन्याय होतो, लेनोवर जरा जास्तच.

आधी म्युझिक हॉलबद्दल थोडं. नावावरून वाटते तशी ती गाण्याची बैठक नव्हती. दारूच्या गुत्त्यांना लागून असलेल्या गाण्याच्या खोल्या वाढत गेल्या आणि त्यांची मोठी सभागृहं झाली. लॅम्बेथमधला कँटरबरी हॉल १८५२ चा. समोर खाणंपिणं, गप्पा, धूर. आणि एकामागून एक कलाकार. नावाजलेला कलाकार आपली दहा-पंधरा मिनिटं रंगवायचा आणि घोडागाडीत बसून पुढचा हॉल गाठायचा. एका रात्रीत तीन-चार हॉल. त्या गोंगाटात लोकांच्या माना आपल्याकडे वळवायच्या, तर पहिल्या मिनिटातच काहीतरी घडावं लागे.

लेनोचं खरं नाव जॉर्ज गॅल्विन. जन्म २० डिसेंबर १८६०, लंडनच्या सेंट पँक्रस भागातला. आईवडील हॉलमध्ये कार्यक्रम करणारे, त्यामुळे १८६४ मध्ये, ज्या वयात मुलं अंगणात खेळतात त्या वयात, हा अंगाच्या घड्या घालून दाखवत स्टेजवर उभा होता. वडील लवकर गेले. 'लेनो' हे सावत्र वडिलांचं रंगमंचावरचं नाव. गरिबीत, गावोगाव फिरत तो क्लॉग डान्स शिकला. क्लॉग म्हणजे लाकडी तळाचे बूट, उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांतले कामगार घालत ते. त्या तळांनी फळ्यांवर ठेका धरायचा. हा नाच डोळ्यांइतकाच कानांचा. ठोका चुकला की जाणकाराला लगेच कळतो. १८८० मध्ये लीड्सला लेनोने या नाचाची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली.

१८८५ मध्ये तो लंडनच्या हॉलमध्ये आला आणि गंमत झाली. लंडनकरांना त्याच्या लाकडी बुटांचं फारसं कौतुक नव्हतं, त्यांना त्याचं बोलणं आवडलं. हळूहळू नाच मागे पडला. गाणंसुद्धा नावापुरतं उरलं. एखादं कडवं म्हणून झालं की तो थांबायचा आणि प्रेक्षकांशी बोलायला लागायचा, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसा. कधी तो कापडदुकानातला विक्रेता असे, समोर नसलेल्या गिऱ्हाइकाला नसलेला माल दाखवणारा. कधी मिसेस केली नावाच्या, कुणीच न पाहिलेल्या बाईबद्दल, ती सगळ्यांना माहीतच असणार असं गृहीत धरून सांगत सुटे. आणि ऐकणाऱ्याला खरंच वाटायला लागे की अरे, ही आपल्याच गल्लीतली. मला लेनोचं मोठेपण इथे दिसतं. भाडं थकलेलं, नवऱ्याचा पत्ता नाही, पोरं रडतायत, आणि तरी बाई तोंडभर बोलतेय. त्याने ही माणसं बाहेरून पाहिली नव्हती, त्यांच्यातच तो वाढला होता.

टिचचं तसं नाही. हॅरी रेल्फ, जन्म १८६७, केंट परगण्यातलं कडम गाव, वडिलांचं सोळावं अपत्य. दोन्ही हातांना एकेक बोट जास्त, आणि उंची साडेचार फुटांवर थांबलेली. लेनो नुसता ठेंगणा होता, टिच खरोखरच बुटका. त्याचे बूट लाकडी नव्हते, लांब होते, २८ इंचांचे. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच; बूट त्याच्या उंचीच्या निम्म्याहून इंचभर जास्तच. त्या बुटांच्या आधाराने तो पुढे इतका कलायचा की आता नाक फळीवर आपटणार असं वाटावं, जमिनीवरची टोपी उचलायचा आणि तसाच सरळ व्हायचा. मग बुटांच्या टोकांवर उभा राहायचा, आणि एवढासा माणूस अचानक उंच होऊन सगळ्यांकडे वरून बघायचा. शब्दाची गरजच नाही. म्हणून तर इंग्रजी न येणाऱ्या पॅरिसने त्याला डोक्यावर घेतलं आणि १९१० मध्ये फ्रेंच सरकारने गौरवलंही. त्याला स्वतःला मात्र पुढे या बुटांचा कंटाळा आला होता.

त्याच्या नावाची कथा मराठी वाचकाला लगेच कळेल, कारण आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. तसाच एक तोतया इंग्लंडमध्ये उगवला. समुद्रात बुडालेला सर रॉजर टिचबोर्न तो मीच, असं सांगत ऑस्ट्रेलियातून आलेला एक अगडबंब माणूस. खटले वर्षानुवर्षं चालले, १८७४ मध्ये त्याला शिक्षा झाली. लहानपणी हॅरी गुबगुबीत होता म्हणून त्याला त्या लठ्ठ तोतयाचं नाव चिकटलं, त्याचं झालं टिच. आणि पुढे तो स्वतः एवढा गाजला की इंग्रजीत 'टिच' म्हणजे छोटासा माणूस असा अर्थच रूढ झाला. अगडबंब माणसाच्या नावातून बारक्याचा शब्द निघाला.

बाईचा वेश दोघांनी घेतला, पण तिथेही मराठी मनाने जपून पाहावं. आपल्या डोळ्यांसमोर बालगंधर्व येतात, पुरुष आहे हे विसरायला लावणारे. पँटोमाइम म्हणजे इंग्लंडमधला नाताळचा गाण्या-विनोदाचा खेळ. त्यातली 'डेम', म्हणजे पुरुषाने रंगवलेली विनोदी बाई, त्याच्या उलट. ती पुरुष आहे हे सतत दिसलंच पाहिजे. जवळची तुलना हवी तर तमाशाच्या गवळणीतली मावशी आठवावी. लेनो १८८८ पासून दर नाताळात ड्रुरी लेनला असे, पुष्कळदा डेम होऊन, शेजारी धिप्पाड हर्बर्ट कॅम्पबेल. १९०२ चं 'मदर गूज' खास त्याच्यासाठी लिहिलेलं. पण दुसऱ्याच वर्षी त्याचं मन ढासळलं, उपचारांसाठी ठेवावं लागलं. तो परत आला, पुन्हा ड्रुरी लेनला उभा राहिला. १९०४ च्या जुलैत कॅम्पबेल गेला आणि ३१ ऑक्टोबरला लेनो. वय ४३. टिच १९२८ पर्यंत जगला.

आज दोघांचं काय उरलंय, यातही फरक आहे आणि तो मला सारखा टोचतो. टिचचा लांब बुटांचा नाच १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी चित्रित झाला. ती छोटीशी फिल्म आजही बघता येते, आणि तिच्यात टिच जवळजवळ पूर्ण सापडतो, कारण त्याची कला दिसण्यात होती. लेनोच्या कलेला चेहरा आणि बोलणं दोन्ही एकत्र लागत, आणि ते एकत्र टिपणारं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. फिल्मवाल्यांनी त्याला सायकल चालवताना, बाटलीचं बूच काढताना टिपलं, आवाजच नाही. ग्रामोफोनवाल्यांनी १९०१ ते १९०३ दरम्यान तीसेक गाणी घेतली, चेहराच नाही. बंद खोली, तोंडासमोर कर्णा, तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं. त्याला घाई झाली आहे हे ऐकू येतं. एक वाक्य संपतं आणि दुसरं लगेच सुरू होतं. मधे लोक हसायचे ती जागा तिथे नाही.

मी त्या तबकड्या ऐकते तेव्हा त्याचा एक फोटो समोर ठेवते. रंगवून उंच केलेल्या भुवया, खाली मोठे डोळे. वाक्य संपलं की रेकॉर्डिंग थांबवते, फोटोकडे बघते, आणि मग पुढचं वाक्य लावते.