इझीकॅपचा ड्रायव्हर का बसत नाही : पार्श्वभूमी

लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवायची तर पूर्वी कॅबिनेट उघडून व्हिडिओ आत घेणारं पीसीआय कार्ड बसवावं लागे. पाल या टीव्ही पद्धतीचं ७२० × ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, कॉम्प्रेस न करता पाठवायला सेकंदाला साधारण १६६ मेगाबिटचा वेग लागतो. यूएसबी १.१ ची धाव १२ पर्यंतच होती. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ने ती ४८० वर नेली आणि पुढच्या काही वर्षांत व्हीसीआरचं चित्र यूएसबीतून संगणकात घेणाऱ्या, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या स्वस्त स्टिक बाजारात आल्या.

त्यांतल्या कितीतरींवर ‘इझीकॅप’ छापलेलं असतं. डबी तीच, आतली चिप मात्र एसटीके ११६०, ईएम २८६०, एसएमआय २०२१ किंवा यूटीव्ही ००७, यांपैकी कोणतीही. एकीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण वापरू देणारा प्रोग्राम, दुसरीला चालत नाही. म्हणून सीडी लावण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघावा. त्यात व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०५ई१ व पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) ०४०८ दिसला तर एसटीके ११६०. १बी७१ आणि ३००२ असेल तर यूटीव्ही ००७.

खरा तिढा पडला तो ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीने, म्हणजे तो कोणी बनवला याची खात्री देणाऱ्या शिक्क्याने. विंडोज एक्सपीमध्ये सही नसली तर नुसता इशारा येई; ‘कंटिन्यू एनीवे’ दाबलं की काम पुढे जाई. २००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीने तो पर्यायच काढला. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा ड्रायव्हर सहीशिवाय लोडच होणार नाही, असा नियम झाला. कारण रास्त होतं: ड्रायव्हरच्या रूपाने कर्नलमध्ये शिरणारं मालवेअर रोखायचं होतं. पण त्याची किंमत मोजली ग्राहकाने. स्टिक बनवणारे सहीसाठी खर्च करायला तयार नव्हते, सीडीवर बरेचदा ३२ बिटचाच ड्रायव्हर असे, आणि तो ६४ बिट विंडोजवर सही असूनही चालला नसता. लोक मग विंडोज ८ व १० वर ॲडव्हान्स्ड स्टार्टअपमध्ये जाऊन ७ दाबायचे आणि सहीची तपासणी बंद करायचे. ती सवलत पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकते. शिवाय कुठल्याशा साइटवरून उतरवलेली झिप फाइल बसवायला सुरक्षेचं दार उघडायचं, म्हणजे नियमाचा मूळ हेतूच बुडाला. जुन्या उपकरणांसाठी मधला मार्ग काढायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. २०१६ मध्ये विंडोज १० ने नव्या ड्रायव्हरांसाठी नियम आणखी आवळला.

लिनक्सवर हीच उपकरणं सुखाने नांदली. एसटीके ११६० चा आजचा ड्रायव्हर २०१२ मध्ये कर्नल ३.७ मध्ये आला, यूटीव्ही ००७ चा २०१३ मध्ये ३.११ सोबत. एसएमआय २०२१ मागे राहिली. तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, विंडोजच्या ड्रायव्हर फाइलमधून उपसून काढावं लागे.

यूव्हीसी हे वेबकॅमसाठीचं मानक २००३ मध्येच ठरलं होतं. ते पाळणारी स्टिक वेगळा ड्रायव्हर मागत नाही. अलीकडच्या स्वस्त स्टिक त्याच वाटेने गेल्या, पण एमएस २१०९ चिपच्या स्टिकना एचडीएमआय लागतं. व्हीसीआरची पिवळी पिन त्यात जात नाही. त्यासाठी एमएस २१०६ सारखी एव्ही इनपुट घेणारी चिप बघून घ्यावी लागते, नाहीतर पुन्हा जुनी इझीकॅप आणि तिच्या ड्रायव्हरचा शोध.