पुट की पॅच? जे फील्ड पाठवलंच नाही त्याचं काय होतं ते बघा

समजा इंदूरला रामबागेतल्या एका काकूंच्या डब्यांसाठी ॲप करताय. ग्राहकाच्या रेकॉर्डमध्ये चारच गोष्टी आहेत, नाव, पत्ता, मोबाईल आणि "कांदा-लसूण नको". ग्राहक सुदामा नगरला राहायला गेला, फक्त पत्ता बदलायचाय. इथे बरेच जण "दोन्ही अपडेटच की" म्हणून पुट किंवा पॅच (रिक्वेस्टमधून सर्व्हरला काय करायचं ते सांगणाऱ्या एचटीटीपीच्या दोन मेथड) यातलं जे हाताला लागेल ते लावून टाकतात आणि मला ते खरंच खटकतं, कारण दोघांचं सर्व्हरला सांगणंच वेगळं आहे.

पुट म्हणजे या यूआरएलवर आता हेच रेकॉर्ड, जुनं बाजूला कर. त्यात नुसता पत्ता पाठवला आणि सर्व्हर नियमाने वागला तर एकतर तो अर्धवट रेकॉर्ड म्हणून नाकारेल, नाहीतर बाकीची तीन फील्डं उडतील आणि उद्या डब्यात कांद्याची भाजी जाईल. पॅच म्हणजे आहे त्यात एवढाच बदल कर. 2010 मध्ये आरएफसी 5789 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातून पॅच आलं ते यासाठीच. काही जण सर्व्हरवर पुटच्या हँडलरमध्येच (ती रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) "जे आलं तेवढंच बदल" असं लिहितात, चालतं ते, पण मग त्याला पुट कशाला म्हणायचं, दुसरा कुणी नियम वाचून क्लायंट, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणारं ॲप, लिहील तो फसणारच.

दुसरा फरक रिक्वेस्ट परत गेल्यावर कळतो. मोबाईलचं नेटवर्क तुटलं, उत्तर आलंच नाही, तर पुट बिनधास्त परत पाठवा, एकदा पोचलं काय नि पाचदा पोचलं काय, रेकॉर्ड शेवटी तेच राहतं. पॅचला ही हमी नाही. "पत्ता हा ठेव" दोनदा गेलं तर काही बिघडत नाही, पण रेकॉर्डमध्ये सुट्टीचे दिवसही ठेवले आणि "सुट्टीचे दिवस 2 ने वाढव" असा पॅच दोनदा गेला की 4 दिवस डबा बंद. म्हणून पॅचबरोबर इफ-मॅच हेडरमध्ये ईटॅग (रेकॉर्डच्या त्या वेळच्या रूपाला सर्व्हरने दिलेली खूण) पाठवायची सवय लावा, मधे रेकॉर्ड बदललं असेल तर सर्व्हर 412, म्हणजे "अट जुळली नाही" हा कोड, देऊन थांबवतो.

पॅचच्या बॉडीचा, म्हणजे आत पाठवलेल्या डेटाचा, फॉरमॅटही ठरवावा लागतो. जेसन मर्ज पॅच या फॉरमॅटमध्ये फील्डला नल ("काही नाही" ही किंमत) पाठवलं की ते फील्ड काढून टाकलं जातं आणि यादी असेल तर अख्खी बदलते, एखादीच नोंद बदलता येत नाही. त्यासाठी जेसन पॅच, त्यात ॲड, रिमूव्ह, रिप्लेस अशा क्रिया ओळीने लिहितात. दोन्हीचा कंटेंट-टाइप (बॉडी कुठल्या फॉरमॅटची ते सांगणारं हेडर) वेगळा आहे, सर्व्हरला न झेपणारा आला तर 415, म्हणजे "हा फॉरमॅट चालत नाही" हा कोड, द्यावा, अंदाजाने वाचू नये.

आता सर्व्हरवर नेहमी अडतं ते. एचटीएमएल फॉर्म गेट आणि पोस्टच पाठवतो, म्हणून रेल्स नि लारावेल या वेब फ्रेमवर्कमध्ये अंडरस्कोर मेथड नावाचं लपवलेलं फील्ड असतं, खरी मेथड त्यात लिहितात. साध्या पीएचपीत पुट किंवा पॅच आलं तर पोस्टचा ॲरे रिकामा मिळतो, बॉडी पीएचपी इनपुट स्ट्रीममधून वाचायची. राऊटवर, म्हणजे सर्व्हरने ठरवलेल्या एखाद्या पत्त्यावर, एखादी मेथड चालवायचीच नसेल तर 405 ("ही मेथड चालत नाही") द्या आणि अलाऊ हेडरमध्ये काय चालतं ते लिहा. आणि ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेच या फंक्शनमध्ये पॅच कॅपिटल अक्षरांतच लिहा, लहान अक्षरांतलं पुट फेच स्वतः कॅपिटल करून देतो पण पॅच तसंच पाठवतो, मेथडचं नाव केस-सेन्सिटिव्ह असल्यामुळे सर्व्हरला ते ओळखूच येत नाही आणि माणूस मात्र राऊटमध्ये चूक शोधत बसतो.