ॲपवरचं घर हॉटेलपेक्षा स्वस्तच पडतं? तसं नाहीये

कास पठार फुलायला लागलं की आम्हा सातारकरांना पाहुण्यांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं एकच, "हॉटेल नको, ॲपवर कुणाचं तरी घर घेतो, स्वस्त पडतं." हा समज आता खरंच सोडून द्या.

अशी घरं भाड्याने मिळवून देणारं एअरबीएनबी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं ते राहत्या घरात गादी टाकून पाहुणे ठेवण्यापासून, तेव्हा स्वस्त होतंच. आता बरेच जण अख्खा बंगला खास भाड्याने द्यायलाच ठेवतात आणि भाड्यावर क्लीनिंग फी, ॲपची सर्व्हिस फी, टॅक्स असं सगळं चढतं. समजा रात्रीचे २,५०० आणि क्लीनिंग फी ८००. ही फी बहुतेक वेळा मुक्कामाला एकदाच लागते, म्हणजे एकच रात्र राहिलात तर सगळे ८०० त्याच रात्रीवर, तीन रात्री राहिलात तर रात्रीला साधारण २६७ च. म्हणून नवरा-बायको एका रात्रीसाठी येणार असाल तर साताऱ्यात साधं लॉज बघा, चहा-नाष्टा खाली उतरलं की मिळतो.

पण सहा-सात जण, बरोबर आजी आणि लहान पोरं, पाचगणीला दोन-तीन दिवस, मग बंगलाच घ्या! तीन रूमचं भाडं वाचतं, किचन असलं तर पोरांचा वरणभात घरीच होतो.

बुकिंगआधी शेवटचा टोटल बघा, आणि केअरटेकर जेवणाचे ताटामागे किती घेतो तेही विचारा.