जिवाचा नांगर: कोकणकिनाऱ्यावरच्या ख्रिस्ती भरवशाची पार्श्वभूमी

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपत आली की उत्तन, वसई, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्यांना नवा रंग चढतो. फादर येतात, होडीवर, जाळ्यांवर, नांगरावर पवित्र पाणी शिंपडतात. प्रार्थना संपली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पुन्हा एकदा इंजिन तपासतो. त्या प्रार्थनेत काय मागतात, याकडे मी लहानपणापासून कान देऊन आहे. दर्या शांत राहू दे, मासळी लागू दे, हे असतेच. शेवटी मात्र एक वेगळी मागणी येते: काहीही झाले तरी तुझा हात सुटू देऊ नको. ही मागणी आली कुठून, ते सांगण्यासाठी हे टिपण.

‘नांगर’ या शब्दापासून सुरुवात करतो. मराठीत तो दोन कामांचा आहे. वाडीतल्या शेतकऱ्याचा नांगर जमीन फोडतो, कोळ्याचा नांगर होडी धरून ठेवतो. वसईत दोघेही एकाच चर्चमध्ये शेजारी बसतात. नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, हे येशूचे वचन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो शेतकऱ्याचा नांगर. बायबलमधल्याच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, तो कोळ्याचा. रोममधल्या भुयारी दफनभूमींत पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती थडग्यांवरही हाच नांगर कोरलेला सापडतो. होडीचा नांगर टाकल्यावर डोळ्यांना दिसत नाही. तो रुतला की नाही, हे दोर ताणला गेल्यावरच हाताला कळते. पत्र लिहिणाऱ्याला ही गोष्ट चांगली ठाऊक असणार.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २७ वा अध्याय तर दर्यावर्दी माणसाने वाचावा असाच आहे. येशूचा प्रेषित पौल याला कैदी म्हणून रोमला नेत असताना तारू वादळात सापडते. माल समुद्रात फेकतात, चौदा रात्री तशाच जातात. पाणी उथळ लागते तेव्हा खडकावर आपटू नये म्हणून खलाशी वरामाच्या, म्हणजे तारवाच्या मागच्या, बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. पौल सगळ्यांना जेवायला लावतो. तारवावर २७६ माणसे आहेत. पुढे ते चारही नांगर तोडून टाकावे लागतात, तारू वाळूत रुतून फुटते आणि कोणी पोहून, कोणी फळ्यांच्या आधाराने, सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. देवाने पौलाला माणसे वाचतील एवढेच सांगितले होते. तारू वाचेल असा शब्द दिलेला नव्हता. ख्रिस्ती भरवशाची सगळी घडण मला या एका प्रसंगात दिसते.

आपल्या किनाऱ्यावर हा विश्वास पोर्तुगीज सत्तेबरोबर पसरला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली. धर्मप्रसारामागे सत्तेचा जोर होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी तो मनापासून धरला, त्यांच्या वाट्याला निश्चिती आली असेही नाही.

१५७९ च्या एप्रिलमध्ये थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा इंग्रज सभासद लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला. त्या प्रवासाबद्दल त्याने वडिलांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. विषुववृत्ताजवळ वारा पडला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, त्यांतली २७ गेली. पूर्व-पश्चिम अंतर नक्की मोजण्याचे साधन तेव्हा समुद्रावर नव्हते. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना तारू निघाले सोकोत्रा बेटापाशी! खरा किनारा जवळ आल्याची चाहूल लागली ती आधी पक्ष्यांवरून, मग वाहत आलेल्या ताडमाडाच्या फांद्यांवरून, मग पाण्यावर पोहणाऱ्या सापांवरून. आपले कोळीही असल्याच खुणा वाचत आले आहेत. याच माणसाने पुढे ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. आपण नेमके कुठे आहोत हे कळत नसतानाही पुढे जात राहायचे, हे त्याने सहा महिने अंगावर काढले होते.

गोन्सालो गार्सिया वसईचाच. जेझुइटांबरोबर तो कोवळ्या वयात जपानला गेला आणि तिथे वर्षानुवर्षे त्यांच्या कामात राबला, पण त्यांनी त्याला संघात घेतले नाही. मग त्याने व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात बंधू झाला. दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आला. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्याच्या मालावरून वाद पेटला, संशय वाढला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. गोन्सालो त्यांच्यातला एक होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईतली मुले आज त्याच्या नावाच्या कॉलेजात शिकतात. त्याने आखलेले बेत बहुतेक मोडलेच, ही गोष्टही त्यांना सांगायला हवी.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, बहुतेक युरोपीय पाद्रीही गेले. पुढच्या काळात गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी इथली माणसे सांभाळली. आधाराचा हात निघून गेल्यावरही वाड्यापाड्यांतली रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू राहिली. या किनाऱ्यावरच्या विश्वासाचा खरा इतिहास मी तिथून धरतो.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. वांद्र्यापासून खोताच्या वाडीपर्यंत गावठाणांच्या तोंडाशी जे जुने क्रूस उभे आहेत, त्यांतले कितीतरी त्या साथीतले. औषध हाती नव्हते, लोक गाव सोडून चालले होते, आणि मागे राहिलेले संध्याकाळी त्या क्रुसापाशी जमत.

प्रॉटेस्टंट प्रवाह दक्षिणेकडे आला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, पुढे हर्णैलाही ठाणे झाले. याच दापोली भागातल्या करजगावी १८६१ मध्ये कवी नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी बायबलात नीतिसूत्रांच्या ३ ऱ्या अध्यायात ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असे शब्द आहेत. हा ‘भाव’ वारकऱ्यांच्या ओठांवरचाच, त्यामुळे तो इथल्या माणसाला परका वाटला नाही.

आता हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. तरी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ आले तेव्हा अनेक होड्या समुद्रात होत्या, आणि काही माणसे परत आलीच नाहीत. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. त्या दिवशी लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. ज्यांचे माणूस दर्याने परत दिले नाही, त्यांना मेणबत्ती लावायला कबरही नसते. मार्कच्या ४ थ्या अध्यायात वादळी सरोवरावर येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला आहे आणि शिष्य त्याला हलवून उठवतात. त्यांच्यात पेत्रासारखे जन्माचे मासेमार होते. घाबरायचे कधी, हे त्यांना समजत होते. ‘गुरुजी, आपण बुडतो आहोत, याची तुम्हांला काळजी नाही का?’ त्यांचा हा प्रश्न शुभवर्तमानात आहे तसाच ठेवला आहे, आणि मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तो मोठ्याने वाचला जातो.