पैसा कोणाच्या नावाने, कोणाच्या हाती: ब्रिटनमधील कर्णबधिर व अपंगांच्या संस्थांच्या अनुदानाची पार्श्वभूमी

लंडनमधील कर्णबधिर व अपंगांच्या संस्थांना एकत्र आणणाऱ्या ‘इन्क्लुजन लंडन’ या संस्थेने अशा संस्थेची व्याख्या आकड्यांत बांधली आहे. कार्यकारी मंडळात किमान ७५ टक्के आणि पगारी कर्मचाऱ्यांत किमान ५० टक्के लोक स्वतः कर्णबधिर किंवा अपंग असतील, तरच ती संस्था ‘त्यांची’. हा आग्रह तांत्रिक वाटेल, पण अपंगांच्या नावाने गोळा झालेला पैसा अपंगांच्या हाती का पडला नाही, हा शतकभराचा प्रश्न त्यामागे उभा आहे. (इंग्रजीत कर्णबधिर या शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहून, आपण एका भाषेचा आणि संस्कृतीचा समूह आहोत, असे हे लोक सांगतात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून ते येथे वेगळे नोंदवले.)

कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या १८८०च्या मिलान परिषदेने शाळांमधून सांकेतिक भाषा हटवण्याचा ठराव केला. त्यानंतर ब्रिटनमध्ये नेमलेल्या शाही आयोगानेही १८८९मध्ये तोंडी शिक्षणालाच, म्हणजे ओठ वाचून आणि बोलून शिकण्याच्या पद्धतीलाच, झुकते माप दिले. या पार्श्वभूमीवर फ्रान्सिस मॅगिन या कर्णबधिर कार्यकर्त्याच्या पुढाकाराने १८९०मध्ये आजच्या ‘ब्रिटिश डेफ असोसिएशन’ची स्थापना झाली, पण तिचे पहिले अध्यक्षपद ऐकू येणाऱ्या एका धर्मोपदेशकाकडे गेले. अंधांनी वेगळी वाट धरली. ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’ ही त्यांची कामगार संघटना होती. एप्रिल १९२०मध्ये तिचे सदस्य लीड्स, मँचेस्टर आणि न्यूपोर्टहून लंडनपर्यंत पायी चालत आले. त्यांच्या फलकावर ‘दान नको, न्याय हवा’ अशा अर्थाची मागणी होती. त्याच वर्षी अंधांसाठीचा कायदा झाला आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचे वय ७०वरून ५०वर आले.

पुढची पन्नास वर्षे मात्र अपंगांसाठी इतरांनी चालवलेल्या मोठ्या संस्थांची होती. हँपशरमधील ‘ले कोर्ट’ हे अपंगांसाठी निवासगृहे काढणाऱ्या लेनर्ड चेशायर यांचे पहिले निवासगृह. याच चेशायर यांनी पुढे मुंबईत अंधेरीलाही असे घर उभे केले. ले कोर्टमधील रहिवाशांना रात्री किती वाजता झोपायचे, यासाठीसुद्धा व्यवस्थापनाशी झगडावे लागले. तेथे राहिलेल्या पॉल हंट यांनी २० सप्टेंबर १९७२ रोजी ‘द गार्डियन’मध्ये पत्र लिहून अशा घरांतील रहिवाशांचे म्हणणे देशपातळीवर मांडणारा गट काढण्याचे आवाहन केले. त्यातून ‘युपियास’ ही संघटना जन्मली. तिच्यात मताचा अधिकार फक्त अपंग सदस्यांना होता, इतरांना सहयोगी म्हणून येता येई. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे, ही तिची १९७६मधील मांडणी माइक ऑलिव्हर या अपंग अभ्यासकाने १९८३मध्ये ‘सामाजिक प्रारूप’ या नावाने रूढ केली. ‘दिव्यांग’ऐवजी ‘अपंग’ हा शब्द मी येथे ठेवला आहे तो याच मांडणीमुळे, कारण समाजाने केलेली अडवणूक गौरवाच्या शब्दाआड लपू नये असे मला वाटते.

पैशाचा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो ले कोर्टमध्येच. १९८०च्या सुमारास जॉन इव्हान्स आणि त्यांच्या काही सोबत्यांनी निवासगृह सोडून स्वतःच्या घरात, स्वतः नेमलेल्या मदतनीसांच्या आधाराने राहायचे ठरवले आणि त्या बेताला ‘प्रोजेक्ट ८१’ असे नाव दिले. जिल्हा प्रशासन त्यांच्या निवासगृहातील वास्तव्याचा खर्च देतच होते, पण १९४८च्या कायद्यानुसार तो पैसा रोखीने व्यक्तीच्या हातात देता येत नव्हता. मग तोडगा निघाला तो असा: पैसा संस्थेकडे जाईल आणि संस्था तो या माणसांकडे वळता करील. ज्या संस्थेतून बाहेर पडायचे, तिच्याच खात्यातून स्वातंत्र्याचा खर्च भागवायचा, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातूनच अपंगांनी स्वतः चालवलेले हँपशरचे स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. व्यक्तीला थेट रक्कम देण्याची कायदेशीर मुभा १९९६च्या कायद्याने मिळाली.

दरम्यान १९८१मध्ये अपंगांच्या संस्थांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली होती, परंतु धर्मादाय कायदा तिच्या वाटेत होता. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचा हेतू राजकीय असता कामा नये असा नियम असल्याने, कायदा बदलण्यासाठीच जन्मलेल्या चळवळीला देणगीच्या जगात जागा मिळणे अवघड होते. देणगीचे ते जग कसे होते, ते आयटीव्ही या दूरचित्रवाहिनीच्या ‘टेलिथॉन’ या निधी जमवण्याच्या कार्यक्रमात दिसे, कारण त्यात निधी जमवला जाई तो करुणा जागवून. १९९० आणि १९९२मध्ये अपंगांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. दुसऱ्या वेळी लंडनच्या स्टुडिओबाहेर हजाराहून अधिक लोक जमले आणि त्यांच्या टी-शर्टवर दयेचा धिक्कार करणारी, मुद्दाम अशिष्ट ठेवलेली घोषणा होती. त्यानंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

याच दशकात एक नुकसान गाजावाजा न होता घडले. १९९०च्या समाजसेवा कायद्यानंतर स्थानिक प्रशासनांनी वार्षिक अनुदानांऐवजी सेवांचे करार आणि निविदा यांचा मार्ग अधिकाधिक धरला. निविदा भरायला हिशेबनीस आणि राखीव निधी लागतो. तो मोठ्या संस्थांकडे होता, दोन खोल्यांच्या कार्यालयातून चालणाऱ्या केंद्राकडे नव्हता. २००५मध्ये पंतप्रधानांच्या धोरण विभागाने २०१०पर्यंत प्रत्येक भागात अपंगांनी चालवलेली एक संस्था असावी, अशी शिफारस केली. २०११मध्ये अशा संस्थांसाठी सरकारने चार वर्षांकरिता ३० लाख पौंड जाहीर केले. देशभराच्या मानाने ही रक्कम तुटपुंजीच होती, आणि त्याच काळात खर्चकपातीमुळे स्थानिक प्रशासनांचे हात आखडत गेले. अपंगांना स्वतःच्या घरात मदतनीसांच्या आधाराने राहता यावे म्हणून पैसे देणारा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ हा सरकारी निधीही ३० जून २०१५ रोजी बंद झाला.

अर्ज करण्याची रीतही कर्णबधिरांच्या विरोधात जाते. ज्यांची पहिली भाषा ब्रिटिश सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी पानेच्या पाने इंग्रजी उत्तरे लिहिणे म्हणजे परक्या भाषेत परीक्षा देणे. अनुदानदात्याशी बोलायचे तर दुभाषी आधी ठरवावा लागतो आणि अनुदान मिळण्यापूर्वीच त्याचे मानधन द्यावे लागते. या भाषेला इंग्लंडमध्ये कायद्याची मान्यता मिळाली ती २०२२मध्ये.

अपंगांच्या ‘साठी’ चालणाऱ्या आणि अपंगांच्या ‘स्वतःच्या’ संस्थांमधील फरक संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१८मध्ये स्पष्ट केला आणि दुसऱ्या प्रकारच्या संस्थांना शासनाने आर्थिक पाठबळ द्यावे, असे सांगितले. ‘ट्रस्ट फॉर लंडन’ या न्यासाने इन्क्लुजन लंडनच्या साथीने ‘डिसॅबिलिटी जस्टिस फंड’ उभारला, आणि सांकेतिक भाषेतील चित्रफीत अर्ज म्हणून स्वीकारणारे अनुदानदातेही आता आहेत. तरीही बहुतेक अनुदाने ठरावीक प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीचीच असतात. भाडे, दुभाष्याचे मानधन आणि एका कर्मचाऱ्याचा पगार या आस्थापना खर्चासाठी छोट्या संस्था दर वेळी नव्याने अर्ज भरत राहतात.