ओल्ड ट्रॅफर्ड राखायचं की सोडायचं: प्रश्नामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

11 मार्च 2025 रोजी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने जाहीर केलं की आपलं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड दुरुस्त करून वाढवण्याऐवजी त्याला लागूनच एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभारायचं. खर्चाचा अंदाज दोन अब्ज पौंडांचा, आराखडा वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा. सोलापुरात शनिवार-रविवारी रात्र जागवून हे सामने पाहणारे कमी नाहीत, आणि त्यांच्यातही यावरून सरळ दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, 1910 पासूनचं मैदान सोडणं म्हणजे क्लबचा जीवच काढून घेणं. दुसऱ्याचं म्हणणं, छत गळतंय, किती दिवस आठवणींवर काढायचे? दोघंही मनापासून बोलतात. पण इंग्लंडमधल्या मैदानांचा इतिहास चाळला, तर निकाल बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीने लावलेला दिसतो. मैदानाखालची जमीन कोणाची आणि मैदानाच्या कडेला काय उभं आहे, या गोष्टीने.

हे समजायला सोलापूरकराला फार लांब जावं लागत नाही. 1877 साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली आणि भोंग्याच्या वेळेवर चालणारं शहर घडलं. लँकेशायर हा तसाच गिरण्यांचा मुलूख, आपल्याहून बराच आधीचा. 1850 च्या कारखाना कायद्याने तिथल्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी सगळ्याच कामगारांच्या अंगवळणी पडली आणि त्या मोकळ्या दुपारी फुटबॉल रुजला. सामना दुपारी तीनला, ही प्रथा तिथूनच आली. मँचेस्टर युनायटेडचा जन्मही असाच. 1878 मध्ये न्यूटन हीथ इथल्या रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी संघ काढला. आपल्या कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या मंडळींनी मिळून काढावा, तसा.

कामावरून सुटलेल्या माणसाला पायी पोचता आलं पाहिजे, म्हणून ही मैदानं वस्तीच्या पोटात झाली. एका बाजूला कामगारांच्या घरांची रांग, दुसरीकडे रूळ, तिसरीकडे चर्च किंवा कारखाना. लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कच्या कोपऱ्यावर तर सेंट ल्यूक चर्च अक्षरशः दोन स्टँडच्या मधोमध उभं आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या जवळिकीमुळे मैदान भरायचं, तीच जवळीक आज वाढीच्या आड येते.

जमिनीवरून झालेलं पहिलं मोठं भांडणही लिव्हरपूलचंच. एव्हर्टन हा क्लब 1884 पासून अ‍ॅनफिल्डवर खेळत होता. जागेचे कर्तेधर्ते होते जॉन हौल्डिंग, बियरचे कारखानदार आणि राजकारणी. भाडं 100 पौंडांवरून 250 पौंडांवर गेलं, कुरबुरी वाढल्या, आणि 1892 मध्ये एव्हर्टनने बिऱ्हाड उचलून गुडिसन पार्क गाठलं. हौल्डिंग यांच्याकडे रिकामं मैदान उरलं, संघ उरला नाही. म्हणून त्यांनी नवा संघ काढला, त्याचं नाव लिव्हरपूल. आज ज्या क्लबचे लाल टी-शर्ट आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात, तो भाडेकरू आणि जागेवाल्याच्या वादातून जन्माला आला.

युनायटेडची वाट वेगळी होती. न्यूटन हीथ संघ क्लेटनमधल्या बँक स्ट्रीटवर खेळायचा, तिथे शेजारच्या कारखान्यांचा धूर मैदानावर उतरायचा. 1902 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या काठावर होता. जॉन हेन्री डेव्हिस या उद्योजकाने पैसा घातला, नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झालं, आणि डेव्हिस यांनीच पुढे नव्या मैदानाचा खर्च उचलला. आराखडा आर्किबाल्ड लीच यांचा. त्या काळातली निम्मी नामांकित ब्रिटिश मैदानं याच स्कॉटिश अभियंत्याच्या हातची. गंमत अशी की मूळ कागदावर ओल्ड ट्रॅफर्डची क्षमताही एक लाखच होती, खर्च वाढला म्हणून ती 80 हजारांच्या आसपास आणली. 19 फेब्रुवारी 1910 रोजी पहिला सामना झाला. पाहुणे लिव्हरपूल, आणि युनायटेड 3-4 ने हरलं.

मग युद्ध. 11 मार्च 1941 च्या रात्री जर्मन बॉम्ब मैदानावर पडले आणि मुख्य स्टँड उद्ध्वस्त झाला. (नव्या स्टेडियमची घोषणाही 11 मार्चलाच व्हावी, हा योगायोग.) 1949 पर्यंत युनायटेड शहरातल्याच मँचेस्टर सिटी क्लबच्या ‘मेन रोड’ नावाच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळलं. तेव्हाही जागा बदलण्याचं निमित्त होतं, पण क्लब नुकसानभरपाई घेऊन परत आला. आज पाडण्याची चर्चा होते, तेव्हा हे लक्षात ठेवलं पाहिजे. 1910 चं ओल्ड ट्रॅफर्ड दगडविटांच्या रूपात फारसं शिल्लक नाही. जुनी आहे ती जागा.

सगळ्या इंग्लंडला हा प्रश्न नव्याने विचारायला लावला तो दोन दुर्घटनांनी. यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण मैदानाच्या प्रेमापोटी आपण त्या विसरतो. 11 मे 1985 रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेडवर लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कचरा पेटला, काही मिनिटांत स्टँड गेला आणि 56 माणसं गेली. त्याच उन्हाळ्यात त्या स्टँडचं छप्पर बदलायचं ठरलेलं होतं. चार वर्षांनी, 15 एप्रिल 1989 रोजी, शेफील्डच्या हिल्सबरोवर लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी कुंपणांत चिरडले गेले. बळींची संख्या 97. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, आणि तो पुसला जायला त्या कुटुंबांना सत्तावीस वर्षं लढावं लागलं.

हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी 1990 च्या अंतिम अहवालानंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभ्याने सामना पाहणं बंद करून प्रत्येकाला खुर्ची देणं सक्तीचं झालं. उभ्या माणसांच्या जागी खुर्च्या बसवल्या की क्षमता घटते. ओल्ड ट्रॅफर्ड 44 हजारांवर आलं. ते भरून काढायला वर बांधा, बाहेर सरका किंवा मैदान सोडा, एवढेच पर्याय होते. तिकिटं महाग झाली ती याच वळणावर, आणि ज्या कामगारांसाठी ही मैदानं झाली, त्यांच्याच नातवंडांना ती परवडेनाशी झाली. नवं बांधकाम गरजेचं होतं, हे मला मान्य आहे. त्याचं बिल कोणाच्या खिशातून गेलं, हे मात्र प्रत्येक वेळी विचारायलाच हवं.

पुढच्या वाटा क्लबागणिक वेगळ्या झाल्या. आर्सेनलचं हायबरी घरांनी वेढलेलं, 38 हजारांवर अडकलेलं. क्लब 2006 मध्ये जवळच्याच एमिरेट्सवर गेला, हायबरीत फ्लॅट झाले आणि कर्ज फेडता फेडता संघाची कितीतरी वर्षं गेली. टॉटनहॅमने व्हाइट हार्ट लेन पाडून तिथेच नवं बांधलं. मधल्या काळात वेम्बलीवर भाड्याने खेळून एप्रिल 2019 मध्ये घरी परतले. लिव्हरपूलने शेजारच्या स्टॅन्ली पार्कमध्ये जायचे बेत आखले, पण 2010 मध्ये आलेल्या नव्या मालकांनी ते मोडीत काढून अ‍ॅनफिल्डच टप्प्याटप्प्याने 61 हजारांपर्यंत वाढवलं. त्यासाठी आजूबाजूची घरं घेतली गेली, त्यातली बरीच वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. मैदान राहिलं, गल्ल्या गेल्या. एव्हर्टनने 18 मे 2025 रोजी गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना खेळून गोदीकाठचं नवं स्टेडियम गाठलं. गुडिसन पाडायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी ते महिला संघाला देण्याचा निर्णय झाला. मला यातला सगळ्यात समाधानाचा निर्णय हाच वाटतो.

चेल्सीची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, ती सांगितली पाहिजे. लंडनमधल्या या क्लबच्या मैदानाची, स्टॅमफर्ड ब्रिजची, जमीन बिल्डरांच्या हाती गेली होती आणि क्लबला तिथून काढण्याची धडपड चालू होती. बाजार कोसळून बिल्डर बुडाले, म्हणून मैदान वाचलं. असा प्रसंग पुन्हा येऊ नये, यासाठी चेल्सी पिच ओनर्स नावाची कंपनी निघाली. तिचे समभाग साध्या चाहत्यांना विकले आणि मैदानाची मालकी तिच्याकडे दिली. अट एकच, पण पक्की: मुख्य संघ इथून हलला, तर ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव त्याला वापरता येणार नाही. 2011 मध्ये अब्जाधीश मालक रोमन अब्रामोविच यांच्या क्लबने ती मालकी परत मागितली. त्यासाठी 75 टक्के मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. पैशाला नाही म्हणायची ताकद चाहत्यांकडे आली, कारण सातबारा त्यांच्या नावावर होता.

उलट टोकाला लंडनचाच विम्बल्डन फुटबॉल क्लब. 1991 मध्ये आपलं मैदान प्लाऊ लेन सोडलं, दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाले, आणि 2003 मध्ये क्लबच लंडनबाहेर मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेला गेला. चाहत्यांनी आधीच, 2002 मध्ये, तळापासून नवा क्लब उभा केला होता. तो नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या जागेच्या अगदी जवळ, परतला.

आपल्या पार्क मैदानाकडे पाहताना मला हे सगळं उपयोगी वाटतं. भुईकोट किल्ल्याजवळचं इंदिरा गांधी स्टेडियम क्रिकेटचं, कसोटीपटू पॉली उम्रीगर यांच्या जन्मगावातलं. ते शहराबाहेर गेलं नाही. स्मार्ट सिटी योजनेतून तिथेच त्याचं नूतनीकरण झालं आणि जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र-मणिपूर सामन्याने अनेक वर्षांनी रणजी करंडक सोलापुरात परतला. हे जमलं, कारण जागा महापालिकेची, म्हणजे शहराची आहे. गिरण्यांच्या जागांवर शहराचा असा हक्क नव्हता. त्यांचं काय झालं, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आता पुन्हा मँचेस्टर. ओल्ड ट्रॅफर्डच्या तीन बाजू 1990 नंतर वाढल्या, क्षमता 76 हजारांपर्यंत गेली. चौथी, दक्षिणेची बाजू तशीच राहिली. तिच्या पाठीला रूळ आणि रुळांपलीकडे घरं आहेत. एकेकाळी हजारो प्रेक्षक आणणाऱ्या रेल्वेनेच वाढ रोखली. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला, ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर आलं आणि देखभाल मागे पडत गेली. मे 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छतावरून कोसळणारं पाणी जगाने पाहिलं. त्याआधीच ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी क्लबमध्ये हिस्सा घेतला होता आणि माजी ऑलिंपिक धावपटू सबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट बसवला होता. नवं बांधण्याचा निर्णय त्यातून निघाला. पण नव्या स्टेडियमला जी जागा लागते, तिचा एक मोठा तुकडा शेजारच्या मालगाडी टर्मिनलचा, फ्रेटलायनर कंपनीचा आहे. 2025 मध्ये घोषणेनंतर काही महिन्यांतच या जमिनीच्या किमतीवर घोडं अडलं.