ल्युक्रेझिया बोर्जियाने विष कुणाला दिलं?

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या सत्ताधारी बोर्जिया घराण्याचा विषय निघाला की पोकळ अंगठीतून दारूत विष टाकणारी ल्युक्रेझिया हमखास पुढे येते. तिने कुणाला विष दिल्याचा एकही समकालीन पुरावा नाही.

उलट जुलै 1500 मध्ये काय घडलं ते पाहा. तिचा दुसरा नवरा अल्फोन्सो याच्यावर रोममध्ये सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्यांवर खुनी हल्ला झाला. ल्युक्रेझिया आणि तिची नणंद सांचा (ती भावजयही होती) त्याच्या उशाशी बसून राहिल्या. कुणी विष घालेल या धास्तीने त्याचं जेवणही त्या स्वतःच रांधत. तरी ऑगस्टमध्ये त्याचा गळा आवळला गेला. मारेकरी तिचा भाऊ चेझारे याचा माणूस होता.

मग विषाची अफवा आली कुठून? 1503 च्या ऑगस्टमध्ये तिचे वडील, पोप अलेक्झांडर सहावे, तापाने वारले. उकाड्यात प्रेत फुगलं, काळं पडलं आणि रोमभर कुजबुज सुरू झाली. ल्युक्रेझिया तेव्हा तिसरं लग्न होऊन इटलीतल्याच फेरारा शहरात होती! पुढे 1833 मध्ये फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचं तिच्यावरचं नाटक आणि इटालियन संगीतकार डोनिझेत्तीचा ऑपेरा आला आणि तिच्यावरचा शिक्का पक्का झाला. राजकारण बापाने आणि भावाने केलं, बदनामी मात्र तिच्या माथी आली, याची मला खरोखर चीड येते.

फेरारात तिने नवऱ्याच्या गैरहजेरीत कारभार पाहिला, पाणथळ जमिनी लागवडीखाली आणल्या. 1519 मध्ये बाळंतपणानंतर, वयाच्या 39 व्या वर्षी ती वारली.